इंजिन काढा, डोकं लावा!

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशी एक तरी गाडी असणारच. अंगावर कव्हर, कव्हरवर झोपलेलं मांजर आणि टायरमध्ये हवेचा पत्ता नाही. बहुतेक वेळा ती मारुती ८०० असते, नाहीतर सॅन्ट्रो. मालकाला विचारलंत तर म्हणतो, ''बाबांची आहे हो. विकवत नाही.'' मग चालवत का नाही? ''पीयूसी, इन्शुरन्स, त्यात पंधरा वर्षं उलटली... बघू.'' या 'बघू'मध्ये गाडीची दोन-तीन वर्षं आरामात निघून जातात.

आणि मग एक दिवस मोबाइलवर व्हिडिओ येऊन थडकतो. कुणीतरी जुन्या गाडीचं इंजिन काढलंय, मोटर बसवलीय आणि गाडी आवाज न करता गल्लीतून चाललीय. झालं! ग्रुपवर दहा मिनिटांत पंचवीस अंगठे. ''आपण पण करूया ना यार!''

आमच्या ग्रुपवर हेच झालं. फरक इतकाच की आमच्यातल्या एका सीए मैत्रिणीने शांतपणे विचारलं, ''करूया. पण आपल्यापैकी कुणाला काय येतं?'' सन्नाटा! सगळे हिंजवडी-खराडीवाले. कोड लिहिता येतो, एक्सेल येतं, पण स्टेपनी बदलायची तर रोडसाइड असिस्टन्सला फोन. म्हणून ठरलं, की आधी शिकायचं. तीन रविवारांचं वर्कशॉप घ्यायचं, आपल्याच भागात, आपल्याच भागातल्या माणसांना घेऊन. ते झालं, सॉलिड झालं, आणि त्यातून काही प्रश्न असे निघाले जे व्हिडिओत दिसत नाहीत. तुमच्या भागात असं काही करायचा विचार असेल, तर आजचा कॉलम तुमच्यासाठी.

आधी थोडा इतिहास (छोटाच आहे, घाबरू नका!)

घरच्या घरी गाडी इलेक्ट्रिक करण्याचा हा नाद आजकालचा नाही. अमेरिकेत १९६७ साली कॅलिफोर्नियात इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन नावाची संस्था सुरू झाली. त्यात कोण होतं? तर स्वतःच्या गाडीत स्वतः मोटर बसवणारी हौशी मंडळी. महिन्यातून एकदा भेटायचं, एकमेकांच्या गाड्या बघायच्या आणि चुका सांगायच्या, हा त्यांचा फंडा. पुढे २००४ मध्ये कॅलिफोर्नियातच कॅलकार्स नावाच्या गटाने टोयोटाच्या हायब्रिड प्रियसमध्ये जादा बॅटरी घालून ती भिंतीतल्या प्लगवर चार्ज करून दाखवली. तीही एका घरच्या गॅरेजमध्ये. २००६ मध्ये सॅन मटेओच्या मेकर फेअरमध्ये तर त्यांनी लोकांच्या डोळ्यांदेखत गाडी उघडून काम केलं. २०१२ मध्ये टोयोटाने स्वतःच प्लगवाली प्रियस बाजारात आणली.

आपल्याकडे रेवा आली २००१ मध्ये, बंगळुरूहून. ४८ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटऱ्यांवर चालणारी ती एवढीशी गाडी लंडनमध्ये 'जी-विझ' नावाने फिरली. लोक हसले, पण गाडी धावली. आणि आपल्या पुण्याचं म्हणाल, तर देशभरच्या गाड्यांची परीक्षा घेणारी एआरएआय १९६६ पासून इथेच आहे. रोज सकाळी ज्या टेकडीवर आपण वॉकला जातो आणि खाली येऊन पोहे चापतो, तिला 'एआरएआय टेकडी' म्हणतात ते काय उगाच? एआरएआय या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे. जरा महत्त्वाच्या कारणाने.

कायदा काय म्हणतो, बॉस?

उत्साहावर पाणी ओतायचं नाहीये, पण हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसी बुकात जे लिहिलंय त्याच्याशी गाडी जुळली नाही, असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. आरसीवर इंधन 'पेट्रोल' आणि बॉनेटखाली मोटर? चालणार नाही.

मग कायदेशीर रस्ता कोणता? रेट्रोफिट किट. या किटसाठी एआयएस-१२३ नावाचं मानक आहे आणि त्याचा तिसरा भाग पूर्ण इलेक्ट्रिक रूपांतरासाठीच आहे. किट बनवणाऱ्याने ते एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून, मंजूर करून घ्यायचं. तेही सरसकट नाही, ठरावीक गाड्यांसाठी. मग त्याच्या अधिकृत फिटरने ते बसवायचं आणि आरटीओने आरसीवर नोंद करायची. इन्शुरन्स कंपनीला कळवायचं. २०१८ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना हिरवी नंबरप्लेट आहे. ही सगळी साखळी पूर्ण झाल्यावर गाडी रस्त्यावर. दिल्ली सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये जुन्या डिझेल गाड्यांसाठी रेट्रोफिटची वाट मोकळी केली, तीही अशा मंजूर किटच्याच अटीवर.

म्हणजे पार्किंगमध्ये चार मित्रांनी मिळून बनवलेली गाडी घेऊन लोणावळ्याला जायचं, हे स्वप्न तिथेच संपलं. अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करणार आणि समोरच्या माणसाचं काय, हा प्रश्न तर त्याहून मोठा. त्यामुळे आमचा पहिला नियम ठरला: वर्कशॉपची गाडी रस्त्यावर जाणार नाही. कधीच नाही. ती शिकायची गाडी.

इथे दोघंजण गळाले. ''मग उपयोग काय?'' म्हणाले. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की चार लाखांचं किट विकायला माणूस समोर बसला की त्याला काय विचारायचं, हे तुम्हाला कळतं. साधा फोन घेताना आपण आठ दिवस रिव्ह्यू बघतो ना?

जागा, माणसं आणि मिसळ

आमची पहिली पसंती अर्थात सोसायटीचं पार्किंग. फुकट, घराजवळ आणि वरून चहा. चेअरमन काकांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ''बॅटरी पेटली तर?'' ग्रुपवर त्यांच्या नावाने बरेच विनोद झाले. पण खरं सांगू? काका बरोबर होते. मार्च २०२२ मध्ये पुण्यातच रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्या उन्हाळ्यातल्या अशा घटनांनंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. वर माणसं राहतात अशा जागी खाली बॅटरीवर प्रयोग करायचे नसतात. सिंपल!

शेवटी एका इंजिनिअरिंग कॉलेजचं वर्कशॉप मिळालं. मोकळं आवार, लेथ मशीन, चेन पुली, अग्निशामक नळकांडी, सगळं जागेवर. तिथली मुलं ई-बाहा स्पर्धेसाठी इलेक्ट्रिक बग्गी बनवत होती. त्यांच्या जुन्या बग्गीची ४ किलोवॉटची मोटर आणि कंट्रोलर पडूनच होता. मैत्रिणीच्या मामांनी आपली बंद पडलेली २००३ सालची मारुती ८०० कॉलेजला शिकवण्यासाठी रीतसर देऊन टाकली. तपकीर गल्लीतून केबल, लग आणि फ्यूज आले. रविवारच्या जुन्या बाजारात एक भक्कम पान्ह्यांचा सेट मिळाला, घासाघीस करून.

आता माणसं. अठराजणांवर नोंदणी बंद केली, कारण एका गाडीभोवती त्याहून जास्त माणसं उभी राहिली की मागचे फक्त फोटो काढतात. रविवारचे माणशी ५०० रुपये, त्यात हातमोजे, चहा आणि मिसळ. आणि तीन माणसं अशी, ज्यांच्याशिवाय हे झालंच नसतं. एक, बग्गीवाली पोरं. दोन, महावितरणमधून रिटायर झालेले एक आजोबा, ज्यांनी आयुष्यभर विजेशी दोन हात केले आणि दोन्ही हात शाबूत ठेवले! तीन, आमच्या गल्लीतले गॅरेजवाले काका. तीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस. त्यांना बोलवायला गेलो तेव्हा ते म्हणाले, ''माझंच दुकान बंद करायचं शिकवणार, आणि मलाच बोलावताय?'' हसत म्हणाले. पण म्हणाले.

रविवार पहिला: वही आणि पेन

पहिल्या दिवशी पान्ह्याला हात लावायचा नाही. फक्त गणित. ऐकायला बोअर वाटतं, पण जाम मजा आली.

एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट एवढी ऊर्जा असते. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर किलोमीटरमागे ६०० वॉट-तास. तेवढंच अंतर छोटी इलेक्ट्रिक गाडी शंभरेक वॉट-तासांत कापते. बाकीचं पेट्रोल जातं कुठे? रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून, उष्णता म्हणून. सिग्नलला उभं राहून आपण हवा गरम करत असतो, दुसरं काय!

आता पैसे. पेट्रोल १०४ रुपये धरा, म्हणजे किलोमीटरला जवळपास ७ रुपये. वीज १० रुपये युनिट धरा आणि चार्जिंगमधली गळती मिळवा, तरी सव्वा रुपयाच्या आत. वाचले पावणेसहा. महिन्याला ७५० किलोमीटर फिरलात तर सव्वाचार हजारांच्या वर, वर्षाला साधारण ५२ हजार. ग्रुप खूश!

मग सीए मैत्रीण फळ्याजवळ गेली. ''समजा मंजूर किटचा सगळा खर्च ४ लाख आला. भागिले ५२ हजार. साडेसात वर्षांच्या पुढे. आणि गाडी आजच वीस वर्षांची.'' ग्रुप गप्प. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. कारसाठी तिची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून थेट ५,००० झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढली. पत्रा गंजलेला असेल, तर मोटर कितीही नवी बसवा, ती गंजलेल्या डब्यातच बसणार.

थोडक्यात निकाल असा: रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरणाऱ्याला, ठणठणीत बॉडीच्या गाडीला आणि किट मंजूर असलेल्या मॉडेललाच हे गणित जमतं. 'बाबांची आहे, विकवत नाही' हे कारण वेगळं. ते एक्सेलमध्ये बसत नाही आणि बसवूही नये. फक्त आपण हौसेसाठी करतोय की बचतीसाठी, हे स्वतःशी स्पष्ट असावं. त्या दिवशी अठरापैकी अकराजणांनी 'माझी गाडी नको' असं वहीत लिहिलं. हे वर्कशॉपचं यश, बरं का! पाचशे रुपयांत चार लाख वाचले.

रविवार दुसरा: पान्हे आणि ग्रीस

हा दिवस काकांचा. एरवी गॅरेजबाहेर स्टुलावर बसून आपण त्यांना ''काका, किती वेळ लागेल?'' विचारतो. इथे सगळे त्यांच्या मागे विद्यार्थ्यासारखे. आधी बॅटरीची वायर, मग पेट्रोल काढून टाकी रिकामी, मग कूलंट, सायलेन्सर, रेडिएटर. प्रत्येक नट वेगळ्या डबीत आणि डबीवर चिठ्ठी. ''काढणं कुणालाही येतं,'' काका म्हणाले, ''कुठून काढलं ते लक्षात ठेवणं, त्याला मिस्त्री म्हणतात.''

७९६ सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन चेन पुलीवर लटकलं तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काका मात्र फडक्याने त्यावरचं ऑइल पुसत होते.

इंजिन काढलं तरी गिअरबॉक्स ठेवायचा. मोटरचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडायचा आणि मध्ये एक जाड पत्रा, अॅडॉप्टर प्लेट. तिची भोकं मिलिमीटरच्या अंशाने जरी चुकली तरी गाडी थरथरते आणि बेअरिंग खाते. पोरांनी ती लेथवर तीनदा केली. गिअर दुसऱ्यावर टाकून ठेवला, क्लचला रामराम.

आणि दोन गोष्टी ज्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. पहिली, ब्रेक. बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन गेलं की ब्रेक दगडासारखा कडक! म्हणून वेगळा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप लागतो. एसीचंही तसंच. कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरत असतो, तो बदलावा लागतो.

दुसरी, वजन. मारुती ८०० म्हणजे जेमतेम साडेसहाशे किलोचं पाखरू. १० युनिटची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी पेटीसकट शंभरेक किलो भरते. तेवढीच लेड-अॅसिड घ्याल तर अडीचशेच्या वर, आणि तिची निम्मीच क्षमता धडपणे वापरता येते. आम्ही गाडी ट्रकच्या वजनकाट्यावर नेली, दुसऱ्याच्या टेम्पोत घालून. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची. बॅटरी सगळी डिकीत टाकली की पुढची चाकं हलकी होतात आणि मागची स्प्रिंग बसते, हे आकड्यांत दिसलं. किटवाल्याला विचारायचा प्रश्न नंबर एक: ''बसवल्यावर पुढच्या आणि मागच्या अॅक्सलवर किती वजन येणार?''

रविवार तिसरा: आता वीज

सकाळी आजोबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. अंगठ्या, घड्याळं, कडी, साखळ्या, सगळं एका डब्यात. एकाने कुरकुर केली, ''साखरपुड्याची आहे हो.'' तर काकांनी आपली तर्जनी पुढे केली. जुना पांढरा व्रण. ''साधी बाराची बॅटरी होती. पान्हा निसटला, अंगठी मध्ये आली. लाल झाली.'' साखरपुड्याची अंगठी दोन सेकंदांत डब्यात!

आजोबांचा फंडा साधा. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी तुटायला संधी मिळते. बॅटरीची डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी पेटली की पेटतच राहते. म्हणून एसीचा स्विच डीसीला लावायचा नाही, फ्यूज डीसीचाच घ्यायचा. ६० व्होल्टच्या पुढचा डीसी अंगाला धोक्याचा धरतात. म्हणून आम्ही त्याच्या आतच राहिलो: १६ सेल सीरिजमध्ये, ५१.२ व्होल्ट. पूर्ण भरल्यावरही ५८.४. शॉकचा धोका कमी, पण शॉर्ट झालं तर आग तेवढीच, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा सक्तीचे.

सगळ्यांत भारी प्रयोग प्रीचार्जचा. कंट्रोलरच्या पोटात कपॅसिटर असतात. रिकामे असताना बॅटरी थेट जोडली तर ते एका क्षणात एवढा करंट ओढतात की कॉन्टॅक्टरची टोकं चिकटून बसतात. मग बंद करायची वेळ आली की बंदच होत नाही! म्हणून आधी रेझिस्टरमधून हळू भरायचं, मग कॉन्टॅक्टर लावायचा. हे दाखवायचं कसं? काका गॅरेजमधून ट्रकच्या इंडिकेटरचे २४ व्होल्टचे दोन बल्ब घेऊन आले. सीरिजमध्ये जोडले. स्विच दाबला, बल्ब उजळले आणि हळूच विझले. ''पोट भरलं,'' काका म्हणाले. पोरांचा एक पूर्ण लेक्चरचा विषय दोन बल्बांत संपला.

याच दिवशी भांडणही झालं. आमच्यातल्या एकाने स्वतःच्या गाडीसाठी भंगारातल्या लॅपटॉप बॅटऱ्यांचे सेल जमवले होते, काही शे. स्वस्तात काम! पोरांनी समजावलं, की प्रत्येक सेल वेगळ्या वयाचा, वेगळ्या ताकदीचा. एक कमजोर निघाला तर बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात, तो तापतो, पेटला तर शेजाऱ्याला पेटवतो. बीएमएस ठरावीक मर्यादेपर्यंतच सांभाळते. तो म्हणाला, ''यूट्यूबवर एकाने केलंय, मस्त चालतंय.'' आजोबांनी चष्मा पुसत म्हटलं, ''ज्याचं जळतं, तो व्हिडिओ टाकत नाही.'' त्याला राग आला आणि जेवणानंतर तो थांबला नाही. सेलची पेटी मात्र दुसऱ्या दिवशी ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिल्याचा त्याचा मेसेज आला. पुढे एक शब्द नाही. मी त्याला फक्त अंगठा पाठवला.

संध्याकाळी पाच वाजता आमची मारुती आवारात चालली. वेग सायकलएवढा. आवाज म्हणाल तर टायरखाली खडी चिरडल्याचा.

काकांचा प्रश्न

सगळे गाडीबरोबर फोटो काढत होते. काका फळ्यासमोर उभे होते. म्हणाले, ''ऑइल नाही, फिल्टर नाही, प्लग नाही, बेल्ट नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. मग माझ्याकडे यायचं कशाला कुणी?''

एका आयटीवाल्याने 'रीस्किलिंग' हा शब्द काढला. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की शब्द परत आत गेला.

मग आम्ही फळ्यावर तीन रकाने आखले. काय जाणार, काय राहणार, काय नवं येणार. राहणार: ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, व्हील बेअरिंग, टायर, एसी, डेंटिंग-पेंटिंग. नवं येणार: जाड केबलचं क्रिम्पिंग, मेगरने इन्शुलेशन तपासणं, कॉन्टॅक्टर, चार्जर, बॅटरीचा डेटा लॅपटॉपवर वाचणं. काकांनी खडू घेतला आणि प्रत्येक कामापुढे महिन्याची आपली कमाई मांडली. जाणाऱ्या रकान्याची बेरीज सगळ्यांत मोठी आली. नव्या रकान्यात भोपळा, कारण ते काम अजून त्यांच्याकडे येतच नाही. वॉरंटीतली इलेक्ट्रिक गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते.

फार वेळ कुणी बोललं नाही. आपण ज्याला 'भविष्य' म्हणून टाळ्या वाजवतो, त्यात कुणाचं तरी दुकान असतं, हे त्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं. मला तरी त्या तीन रविवारांतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ती बेरीज वाटते.

पण रेट्रोफिटची गंमत इथेच आहे. नवी गाडी कारखान्यात बनते, जुनी गाडी बदलायची तर ती गल्लीतच बदलावी लागते. किट बनवणाऱ्याला अधिकृत फिटर लागणारच. आरसीचा नियम त्याला तसं करायला लावतो. त्याने नवं पोरगं घ्यायचं, की गाडीच्या आवाजावरून बेअरिंग ओळखणारा माणूस घ्यायचा? आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. पण पन्नाशीतला माणूस दुकान बंद ठेवून दोन वर्षं वर्गात बसणार नाही. त्याला त्याच्या गॅरेजमध्ये, त्याच्या भाषेत, त्याच्या सुट्टीच्या दिवशी शिकवणारं कुणीतरी हवं.

म्हणून चौथं वर्कशॉप काकांनीच ठेवलं. रविवारी नाही. रविवार तर त्यांच्या धंद्याचा दिवस, कारण आपण सगळे गाड्या घेऊन त्याच दिवशी जातो. त्यांच्या सुट्टीला, त्यांच्याच गॅरेजमध्ये, अकरा मिस्त्री आले. आजोबांनी मेगर आणला, पोरांनी लॅपटॉप. इंग्रजी पीपीटी पहिल्या पाच मिनिटांत बंद पडली आणि बरं झालं. शेवटी काकांनी सरळ सांगितलं, ''याने आज काम मिळणार नाही. पण उद्या कोणी विचारायला आलं तर आपण 'माहीत नाही' म्हणायचं नाही.'' आता ही अकरा माणसं मिळून एखाद्या मंजूर किटवाल्याकडे फिटर म्हणून जाणार आहेत. तो काय म्हणेल, ते म्हणेल. एकट्याने विचारण्यापेक्षा अकरांनी विचारलेलं बरं.

तुमच्या भागात करायचंय?

मग हे लिहून घ्या...

- जागा अशी, की वर कुणी राहत नाही. कॉलेज किंवा आयटीआयचं वर्कशॉप बेस्ट.
- शिकायची गाडी वेगळी, रस्त्यावरची गाडी वेगळी. दोन्हींची गल्लत नाही.
- प्रयोग ६० व्होल्टच्या आत. नवे, एकाच जातीचे सेल आणि बीएमएस. फुगलेला सेल दिसला की हात न लावता बाजूला.
- अंगठ्यांचा डबा दारातच ठेवा.
- पहिला दिवस फक्त गणिताचा. जे गळतील त्यांना आनंदाने निरोप द्या.
- किटवाल्याला चार प्रश्न: माझ्या मॉडेलसाठी मंजुरीचं पत्र दाखवा. अॅक्सलवर वजन किती? आरसीची नोंद कोण करून देणार? बॅटरीची वॉरंटी कागदावर किती?
- सोसायटीतल्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर १० युनिटची बॅटरी साधारण चार तासांत भरते. पण वायरिंग आधी तपासून घ्या आणि मीटर वेगळा घ्या. नाहीतर पुढची जनरल बॉडी तुमच्यावरच!
- आणि गल्लीतल्या मिस्त्रीला पहिलं आमंत्रण द्या. पाहुणा म्हणून नको, शिकवणारा म्हणून.

येत्या रविवारी मॉलच्या बेसमेंटमध्ये पार्किंग शोधत अर्धा तास घालवणारच असाल, तर त्यातली दहा मिनिटं तुमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला द्या. गाडी बिघडलेली नसताना जा. चहा घ्या आणि विचारा, ''काका, इलेक्ट्रिकचं काय वाटतं?'' मग मात्र निवांत बसायची तयारी ठेवा. त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं, विचारायला कुणी येत नाही इतकंच.